बेकरीत लपलेले रासबिहारी

अॅनिमे बघणाऱ्यांना शिंजुकू हे नाव नवीन नाही. 'द गार्डन ऑफ वर्ड्स'मधली ती पावसात भिजलेली बाग म्हणजे शिंजुकू ग्योएन. 'युअर नेम'मधल्या टोकियोचा बराचसा भागही इथलाच. टोकियोच्या २३ 'कू'पैकी, म्हणजे वॉर्डांपैकी, हा एक वॉर्ड. इथलं रेल्वे स्टेशन जगातलं सर्वांत जास्त वर्दळीचं म्हणून गिनीज बुकात नोंदलंय. दिवसाला लाखो माणसं इथून ये-जा करतात. दादरला गर्दी म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा! पश्चिमेला २४३ मीटर उंच सरकारी इमारत, जिच्या वरच्या मजल्यावरून फुकटात शहर बघता येतं. पूर्वेला काबुकिचो, तिथं थिएटरच्या गच्चीवरून डोकावणारं गॉडझिलाचं डोकं, मागे गोल्डन गाईच्या गल्लीतले पाच-सात माणसांत भरून जाणारे बार.

आणि याच पूर्वेच्या बाजूला, स्टेशनपासून चालत दोन-तीन मिनिटांवर, नाकामुराया नावाची इमारत आहे. तिच्या तळघरातल्या रेस्टॉरंटमध्ये शिंजुकूचा एक जुना खास पदार्थ मिळतो. हाडासकट शिजवलेलं चिकन, पातळसर रस्सा वेगळ्या भांड्यात, बाजूला भात आणि सोबत तोंडी लावायला लोणच्याचे प्रकार. मेनूकार्डावर त्याचं नाव आहे अस्सल भारतीय पद्धतीची करी. १२ जून १९२७ पासून तो तिथं मिळतोय. जपानी लोक या करीला प्रेम आणि क्रांतीची चव म्हणतात. ऐकायला एखाद्या वेब सीरिजचं नाव वाटतं, पण त्यातलं प्रेमही खरं आहे आणि क्रांतीसुद्धा. करी शिकवणारा माणूस होता रासबिहारी बोस.

बोस म्हटलं की आपल्याला सुभाषबाबू आठवतात. रासबिहारी शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतात आणि एका मार्काच्या प्रश्नात संपतात: आझाद हिंद सेनेची सूत्रं सुभाषचंद्रांकडे कोणी सोपवली? उत्तर लिहायचं आणि पुढं जायचं. त्या एका ओळीच्या आधी तीस वर्षांची गोष्ट आहे.

हेडक्लार्क

रासबिहारींचा जन्म १८८६ चा, बंगालमधला. लहानपण गेलं चंद्रनगरला. हे गाव तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं, त्यामुळे ब्रिटिश पोलिसांना तिथं सरळ हात घालता यायचा नाही. क्रांतिकारकांना असं गाव सोयीचंच. पुढे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत त्यांना नोकरी लागली आणि ते हेडक्लार्क झाले. सरकारी नोकरी, नीटनेटके कपडे, साहेबांशी अदबीनं बोलणं. कोणाला शंका यावी असं वरवर काहीच नव्हतं.

२३ डिसेंबर १९१२. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलली होती आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग हत्तीवर बसून थाटात नव्या राजधानीत शिरत होते. मिरवणूक चांदणी चौकात आली आणि बॉम्ब पडला. हार्डिंग जखमी झाले, त्यांच्या मागे छत्री धरून बसलेला सेवक जागीच गेला. बॉम्ब टाकला होता बसंतकुमार विश्वास या सतरा वर्षांच्या मुलानं. आखणी रासबिहारींची. ते त्याच रात्रीच्या गाडीनं डेहराडूनला परतले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात आपल्या खुर्चीवर हजर! एवढंच नाही, पुढे त्यांनी व्हाइसरॉयवरच्या हल्ल्याचा निषेध करायला डेहराडूनमध्ये सभासुद्धा भरवली. थंड डोक्याचा माणूस म्हणतात तो हा.

पण छत्री धरणारा तो माणूस राहतोच. त्याचं या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. क्रांतीच्या गोष्टी सांगताना आपण अशी माणसं गाळतो.

पुढे धागेदोरे सापडले. रासबिहारी भूमिगत झाले, बनारसला राहून काम करू लागले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिशांनी इथलं बरंच सैन्य युरोपात आणि इतर आघाड्यांवर पाठवलं. अमेरिकेतून गदर पक्षाचे तरुण जहाजं भरभरून परत येत होते. आता उठाव केला तर जमेल, असा हिशोब होता. छावण्यांमधल्या शिपायांना फोडायचं आणि एकाच दिवशी सगळीकडे बंड करायचं.

इथं आपल्याकडचा एक माणूस येतो. विष्णू गणेश पिंगळे, पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेरेचे. अमेरिकेत इंजिनीअरिंग शिकायला गेले, तिथं गदरमध्ये सामील झाले आणि १९१४ च्या अखेरीस कर्तारसिंग सराभाबरोबर परत आले. बनारसला रासबिहारींना भेटून पंजाबातल्या मंडळींशी त्यांची गाठ घालून देण्याचं काम पिंगळ्यांनी केलं. उठावाची तारीख ठरली २१ फेब्रुवारी १९१५. आतलाच एक माणूस, कृपालसिंग, पोलिसांना मिळालेला होता. हे कळल्यावर तारीख दोन दिवस अलीकडे आणली, पण तीही फुटली. लाहोरला धरपकड झाली. रासबिहारी निसटले. पिंगळे थांबले नाहीत. ते मीरतच्या छावणीत शिपायांना उठवायला गेले आणि मार्चमध्ये बॉम्बसकट पकडले गेले. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. आपल्यातले काही जण या वयात अजून एमपीएससीचा अटेम्प्ट देत असतात.

आता रासबिहारींपुढे दोनच रस्ते होते, फासावर जायचं किंवा देश सोडायचा. रवींद्रनाथ टागोर जपानला जाणार अशी तेव्हा बातमी होती. रासबिहारींनी पी. एन. टागोर हे नाव घेतलं, आपण रवींद्रनाथांचे नातलग असून त्यांच्या दौऱ्याच्या तयारीसाठी पुढं चाललो आहोत असं दाखवलं आणि १२ मे १९१५ ला कलकत्त्याहून सानुकी मारू या जपानी बोटीत चढले. आदल्याच दिवशी, ११ मे रोजी, अंबाल्याच्या तुरुंगात बसंतकुमारला फाशी झाली होती. (टागोर पुढच्या वर्षी खरोखरच जपानला गेले. त्यांच्या या 'नातलगा'शी त्यांची नंतर चांगली ओळखही झाली.)

पुढारी निसटला आणि पोरं फासावर गेली, हा विचार हे वाचताना मनात येतोच. रासबिहारींच्या मनात तो आला नसेल असं मला वाटत नाही.

पाच दिवसांची मुदत

जूनमध्ये ते कोबे बंदरात उतरले आणि तिथून टोकियोला गेले. चीनचे नेते सन यत्सेन तेव्हा स्वतःच जपानात आश्रयाला होते. त्यांनी रासबिहारींची गाठ तोयामा मित्सुरू यांच्याशी घालून दिली. तोयामा म्हणजे सरकारात कुठलंही पद नसलेला, पण मंत्री ज्याला वचकून असत असा कट्टर राष्ट्रवादी पुढारी. आपल्याकडे कोणी त्यांना भाई म्हटलं असतं. आशियातून गोऱ्यांना हाकला, हे त्यांचं मत. आशियात जपाननं काय करावं याबद्दलही त्यांची मतं होती, आणि ती कोरिया-चीनच्या लोकांना अजिबात आवडण्यासारखी नव्हती.

२७ नोव्हेंबर १९१५ ला टोकियोच्या उएनो भागातल्या सेइयोकेन हॉटेलात भारतीयांनी सभा घेतली. निमित्त जपानी सम्राटाच्या राज्यारोहणाचं, भाषणं ब्रिटिशांविरुद्ध. लाला लजपतरायही हजर होते. बरोबर अकरा दिवस आधी, १६ नोव्हेंबरला, पिंगळे आणि सराभा लाहोरला फासावर गेले होते.

सभेची खबर ब्रिटिश वकिलातीला लागली. जपान आणि ब्रिटन यांच्यात १९०२ पासून मैत्रीचा करार होता आणि महायुद्धात दोघं एकाच बाजूला होते. वकिलातीनं दबाव आणला. लगेच हुकूम निघाला: रासबिहारी आणि त्यांचे सहकारी हेरंबलाल गुप्ता यांनी २ डिसेंबरपर्यंत देश सोडावा. हातात पाच दिवस. त्या मुदतीत सुटणाऱ्या बोटी शांघाय किंवा हाँगकाँगच्या बाजूला जाणाऱ्या, म्हणजे पाऊल ठेवताच ब्रिटिशांच्या हातात.

जपानी वर्तमानपत्रांनी सरकारवर झोड उठवली. ते वाचून शिंजुकूतला एक बेकरीवाला भडकला. त्याचं नाव सोमा आइझो. आपला देश पाहुण्याला असं हाकलतो याचा त्याला राग आला. दुकानात पाव घ्यायला येणाऱ्या एका ओळखीच्या पत्रकाराशी बोलताना तो म्हणून गेला, की अशा माणसांना लपवायचं तर आमच्यासारख्या साध्या दुकानात लपवावं, कोणाला संशय यायचा नाही. आपण सगळेच चहाच्या टपरीवर असं काहीबाही बोलतो. पण हे वाक्य त्या पत्रकारानं तोयामांच्या माणसांपर्यंत पोचवलं आणि उलटा निरोप आला, द्या तर मग जागा. आइझोनं आणि त्याच्या बायकोनं शब्द फिरवला नाही.

१ डिसेंबरच्या रात्री रासबिहारी आणि गुप्ता तोयामांच्या घरी निरोप घ्यायला म्हणून गेले. पोलीस मागोमाग येऊन दारात थांबले. तोयामांच्या घरात शिरायची त्यांची हिंमत नव्हती. जपानी घरात शिरताना बूट दाराशी काढतात. दोघांचे बूट तिथंच दिसत होते, म्हणजे माणसं आत आहेत. पोलीस बूट बघत राहिले! तोवर दोघं जपानी कोट-टोपी चढवून मागच्या दारानं शेजाऱ्याच्या आवारात, तिथून मोटारीत आणि मोटारीतून थेट शिंजुकूला.

दुकानामागची खोली

आजचं शिंजुकू डोळ्यांसमोरून काढून टाका. १९१५ मध्ये हा शहराच्या वेशीवरचा भाग होता. शिंजुकू या शब्दाचा अर्थच नवा मुक्काम. सतराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाटसरूंसाठी इथं नवा टप्पा वसवला गेला. जवळच नाइतो या सरदार घराण्याचा वाडा होता, त्याच जागेवर आज ग्योएन बाग आहे. त्या काळात हा भाग कशासाठी प्रसिद्ध होता माहितीये? मिरचीसाठी. नाइतो तोगाराशी नावाची लाल मिरची इथल्या शेतांमध्ये पिकायची. शहर वाढत गेलं तशी ती संपली, आणि अलीकडे काही स्थानिक लोकांनी ती पुन्हा लावायला सुरुवात केलीये. तर मिरचीच्या गावात पुढे भारतीय करी रुजली, हा आपला योगायोग.

नाकामुराया मूळची इथली नाही. आइझो आणि त्याची बायको कोक्को या दोघांनी १९०१ मध्ये टोकियो विद्यापीठासमोर एक चालू बेकरी विकत घेतली. आधीच्या मालकाचं आडनाव नाकामुरा, ते तसंच ठेवलं. क्रीमबन हा प्रकार जपानात १९०४ मध्ये त्यांनीच आणला. १९०९ मध्ये ते शिंजुकूच्या आत्ताच्या जागी आले. कोक्को शिकलेल्या, लिहित्या बाई होत्या, इंग्रजी जाणणाऱ्या. दुकानात चित्रकार, शिल्पकार, नाटकवाले यांचा राबता असायचा. दुकानामागे चित्रकारांसाठी एक स्टुडिओ होता, तो तेव्हा रिकामा होता. रासबिहारी आणि गुप्तांना तिथं ठेवलं.

या कामात धोका कोणाला होता हे बघा. हुकूम सरकारचा, मोडणारे दुकानदार. पकडले गेले असते तर दुकान गेलं असतं आणि नवरा-बायको तुरुंगात. आणि गुप्त ठेवणार तरी कसं? पुढे दिवसभर गिऱ्हाईक, मागे दोन परदेशी. आइझोनं सगळ्या नोकरांना गोळा केलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. कामाला असलेल्या पोरांपैकी, मोलकरणींपैकी एकानंही बाहेर तोंड उघडलं नाही. रासबिहारींच्या डोक्यावर ब्रिटिशांचं बक्षीस होतं, हे लक्षात घ्या. कृपालसिंगनंतर हे वाचताना बरं वाटतं.

खोलीत कोंडून राहणं सोपं नव्हतं. गुप्ता कंटाळले आणि एक दिवस निघूनच गेले, नंतर अमेरिकेला पोचले. रासबिहारी राहिले. या कोंडवाड्यात त्यांनी जपानी शिकायला घेतलं. पुढे ते या भाषेत भाषणं द्यायचे, पुस्तकं लिहायचे. तुम्ही जेएलपीटीच्या एन-फाइव्हला कांजी पाठ करता करता वैतागला असाल तर ही गोष्ट तेवढ्यापुरती उपयोगी आहे.

सुटका झाली ती ब्रिटिशांच्याच आगाऊपणामुळे. १९१६ च्या सुरुवातीला एका ब्रिटिश युद्धनौकेनं तेन्यो मारू ही जपानी प्रवासी बोट अडवून तिच्यावरचे भारतीय उतरवून नेले. आपल्या बोटीवर असा हात टाकल्यानं जपानी सरकार खवळलं. रासबिहारींवरचा हुकूम मागे घेतला गेला. सुमारे चार महिन्यांनी ते स्टुडिओतून बाहेर पडले.

तोशिको

बाहेर पडले, पण मोकळे झाले नाहीत. ब्रिटिशांचे हेर मागावर होतेच. पळवून नेलं तर विचारणारं कोणी नव्हतं. काही काळ गेला आणि तोयामांनी सोमा दाम्पत्यापुढे एक प्रस्ताव ठेवला: तुमच्या थोरल्या मुलीचं या माणसाशी लग्न लावून द्या. घरातलंच कोणी सतत सोबत असेल तर त्याचा जीव राखता येईल, हा विचार.

मुलीचं नाव तोशिको. तेव्हा विशीतली. मिशनरी शाळेत शिकल्यामुळे तिला इंग्रजी येत होतं, त्यामुळे निरोपांची ने-आण ती आधीपासून करत होतीच. तिच्या आयुष्यात त्याआधी एक गोष्ट घडून गेली होती. नाकामुरा त्सुने नावाचा चित्रकार त्याच स्टुडिओत राहायचा. त्यानं तिची चित्रं काढली, तिच्यावर प्रेम केलं. तो क्षयरोगी होता, घरच्यांनी लग्नाला नकार दिला. त्याच घरच्यांनी आता तिला जिवावर बक्षीस असलेल्या परदेशी माणसाबद्दल विचारलं. तिनं विचार करायला वेळ घेतला आणि होकार दिला. १९१८ च्या जुलैत तोयामांच्या घरी गुपचूप लग्न झालं.

या लग्नाला जपानी लेखांत रोमान्स म्हटलं जातं. करीच्या जाहिरातीतलं प्रेम ते हेच. ते नंतर एकमेकांवर जीव लावून होते हे खरं आहे. पण एका विशीतल्या मुलीपुढे ज्या दिवशी हा प्रश्न ठेवला गेला, त्या दिवशी समोर आई, वडील आणि अख्खा टोकियो ज्याला वचकतो तो तोयामा, असे तिघे होते. नाही म्हणायला किती जागा होती, हे आज सांगणं कठीण आहे. मला तरी या गोष्टीला रोमान्स हा शब्द पुरेसा वाटत नाही.

लपण्यासाठी रासबिहारींनी एकूण सतरा वेळा घर बदललं. लग्नानंतर तोशिकोही त्या पळापळीत आली. १९२० मध्ये मुलगा झाला, मासाहिदे. १९२२ मध्ये मुलगी, तेत्सुको. जुलै १९२३ मध्ये रासबिहारींना जपानी नागरिकत्व मिळालं आणि उघडपणे राहायला सुरुवात झाली. आता शेजाऱ्यांना खरं नाव सांगता येत होतं. ते सुख दोन वर्षंही टिकलं नाही. मार्च १९२५ मध्ये तोशिको न्यूमोनियानं गेली. तिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. मुलं पाच आणि तीन वर्षांच्या आतली. ती आजी-आजोबांकडे, बेकरीवाल्यांच्या घरात वाढली. रासबिहारींनी पुन्हा लग्न केलं नाही.

ऐंशी सेनची थाळी

१९२३ च्या भूकंपानं टोकियोचा जुना भाग जळून खाक झाला आणि लोक पश्चिमेकडे सरकले. वेशीवरचं शिंजुकू बघता बघता बाजारपेठ झालं. मित्सुकोशी हे बडं डिपार्टमेंट स्टोअर इथं आलं आणि नाकामुरायाचं गिऱ्हाईक हलायला लागलं. (मॉल आल्यावर आपल्या पेठेतल्या दुकानांचं झालं, तसंच.) शिवाय गिऱ्हाईक विचारत होतं, की नुसतं पाव घेऊन जायचं का, जरा टेकायला जागा करा की. आइझोनं बसून खायची सोय काढायचं ठरवलं. खायला काय ठेवायचं? रासबिहारींनी सुचवलं, भारतीय करी.

जपानला करी नवीन नव्हती. ती ब्रिटिशांमार्फत आधीच आली होती. डब्यातली करी पावडर, घट्टपणासाठी गव्हाचं पीठ, वर बटाटे-गाजर. जपानी लोक भाताबरोबर ती आवडीनं खात होते आणि हाच भारतीय पदार्थ असं समजत होते. रासबिहारींना हे खटकत होतं. ब्रिटिशांनी देश घेतला तो घेतला, वर देशाच्या स्वयंपाकाची ओळखही तेच करून देणार? त्यांनी नाकामुरायाच्या स्वयंपाकघरात मसाले वेगवेगळे वापरून, पिठाशिवाय, हाडासकट कोंबडीची करी शिकवली.

सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. मसाल्याचा वास तीव्र, ताटात हाडं, आणि भात आपल्यासारखा मोकळा, लांब दाण्याचा. चिकट भात खाणाऱ्यांना तो पचेना. मग इथं तडजोड झाली. भात जपानी ठेवला, पण शिरोमे नावाचा, रस्सा चांगला शोषणारा तांदूळ शोधून काढला. कोंबड्या चांगल्या मिळेनात तर आइझोनं स्वतःच पाळायची व्यवस्था केली. चवीच्या बाबतीत मात्र रासबिहारी हटले नाहीत. बाहेर साधी करी दहा-बारा सेनला मिळायची, नाकामुरायाची किंमत ठेवली ऐंशी सेन. म्हणजे सात-आठ पट! मार्केटिंगच्या सरांनी हा प्लॅन नापास केला असता. करी चालली, आणि अशी चालली की आज जवळजवळ शंभर वर्षं झाली तरी चालू आहे. आता तर ती पाकिटात भरून सुपरमार्केटातही मिळते. जपानी भाषेत सगळीकडे या पदार्थाला 'कारे' लिहितात, नाकामुराया अजूनही 'कारी' लिहितं.

त्याच १९२७ साली दुकानात रशियन बोर्श सूप आलं, चिनी पद्धतीचे वाफवलेले बनही आले. सूपमागेही एक आश्रित होता, एरोशेन्को नावाचा अंध रशियन कवी. तोही सोमांच्या घरी राहिला होता आणि त्याला १९२१ मध्ये जपान सरकारनं हाकललं होतं. एका बेकरीच्या मेनूकार्डात किती देशांचे पळून आलेले लोक बसावेत!

शेवटची वर्षं

रासबिहारी करी विकत बसले नाहीत. टोकियोत शिकायला येणाऱ्या भारतीय आणि आशियाई मुलांसाठी त्यांनी वसतिगृह चालवलं, मासिकांत लिहिलं, गावोगावी भाषणं दिली. हिंदू महासभेची जपानमधली शाखा काढली, सावरकरांशी पत्रव्यवहार ठेवला. या काळातली एक गोष्ट मात्र सरळपणे सांगायला हवी. ब्रिटिशांना घालवायचं तर जपानची ताकद हवी, आणि जपान तर कोरिया गिळून बसलेला, चीनमध्ये घुसलेला. एकीकडे वसाहतवादाला विरोध आणि दुसरीकडे वसाहतवाल्याच्या घरचा जावई. सुरुवातीला त्यांनी जपानच्या चीनमधल्या वागण्यावर टीकाही केली, पण तीसच्या दशकात ते जपानच्या बाजूनंच उभे राहिले. त्यांना पर्याय होता का, यावर वाद घालता येईल. पण चीनमध्ये काय चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, हजारो भारतीय सैनिक जपानच्या ताब्यात आले. मार्चमध्ये टोकियोत, जूनमध्ये बँकॉकमध्ये परिषद झाली आणि इंडियन इंडिपेंडन्स लीगची धुरा रासबिहारींकडे आली. पण सैनिकांतल्या अनेकांना ते आपले वाटेनात. सत्तावीस वर्षं जपानात राहिलेला, जपानी नागरिक असलेला माणूस नक्की कोणाचा, असा त्यांचा सवाल. कॅप्टन मोहनसिंग आणि जपानी यांच्यात फाटलं आणि वर्षअखेर पहिली आझाद हिंद सेना जवळपास मोडली. रासबिहारींनी ती कशीबशी धरून ठेवली. तब्येत ढासळली होती. ४ जुलै १९४३ ला सिंगापूरच्या कॅथे इमारतीत त्यांनी सगळी सूत्रं सुभाषचंद्रांना दिली. आपल्या पुस्तकातली ती एक ओळ ही. हातातली संघटना कोणी सहजासहजी सोडत नाही, अगदी कॉलेजच्या गॅदरिंगची कमिटीसुद्धा. त्यांनी ती स्वतःहून सोडली.

२१ जानेवारी १९४५ ला टोकियोत रासबिहारी गेले. अठ्ठावन्न वर्षांचे होते. १२ मे १९१५ नंतर त्यांनी भारतात पाऊल ठेवलं नाही. त्याच वर्षी जपानी सैन्यात असलेला मुलगा मासाहिदे ओकिनावाच्या लढाईत मारला गेला. हवाई हल्ल्यांत नाकामुरायाचं दुकानही जळालं. युद्धानंतर दुकान पुन्हा उभं राहिलं, करी परत आली. १९६७ मध्ये आपल्या टपाल खात्यानं रासबिहारींचं तिकीट काढलं. टोकियोच्या पश्चिमेला तामा दफनभूमीत त्यांची समाधी आहे, तोशिकोही तिथंच आहे.

नाकामुरायाची सध्याची इमारत २०१४ ची. तळघरात करी, आणि तिसऱ्या मजल्यावर एक छोटं कलासंग्रहालय, दुकानात राबता असलेल्या त्या चित्रकार-शिल्पकारांच्या कामाचं. त्या संग्रहात नाकामुरा त्सुनेनं १९१४ मध्ये काढलेलं तोशिकोचं चित्र आहे. तेव्हा रासबिहारी अजून बनारसला होते आणि शिंजुकू हे नाव त्यांनी बहुधा ऐकलंही नव्हतं.